इलेक्ट्रिक गिटारचा कोणता नेक हाताला सोयीचा पडेल? हात लहान असतील तर पातळच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बोटं आखूड आहेत, अर्धा तास वाजवलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणकायला लागतं, आणि जो तो पातळ नेकची (डाव्या हाताने धरायच्या लांब दांड्याची) गिटार घ्यायला सांगतोय. मी तरी लगेच तसं सांगणार नाही. लोकांच्या गिटारी सेट-अप करून देणं, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक वगैरे जुळवून देणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. पातळ नेक घेतल्यावर दुखणं वाढलेले लोक मी पाहिलेत, आणि चांगल्या जाडजूड नेकवर निवांत वाजवणारे लहान हातही पाहिलेत.

अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय याचा अर्थ बहुधा असा की तुम्ही नेक चिमटीत धरताय. नेक जितका पातळ आणि मागून सपाट, तितका अंगठा बोटांच्या जवळ येतो आणि चिमटा घट्ट होत जातो. हात फार मिटलेला असला की पकडीत जोर कमी येतो, म्हणून आपण नकळत आणखी दाबतो. थोडा भरीव नेक अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं भरून काढतो, हाताला टेकायला जागा मिळते. बोटांची लांबी यात दुय्यम आहे.

पण नेक बदलायचा विचार करण्याआधी आहे त्याच गिटारवर एक गोष्ट करून बघा. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायची कॉर्ड, धरा आणि अंगठा नेकवरून अलगद उचला. उजव्या कोपराने गिटारची बॉडी अंगाशी धरून ठेवा आणि डाव्या हाताचं वजन तारांवर पडू द्या. कॉर्ड बऱ्यापैकी वाजली तर इतका वेळ अंगठा फुकटचा राबत होता. पाचव्यावर वाजते पण पहिल्या फ्रेटवर काही केल्या वाजत नाही, असं झालं तर नटकडे, म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, बघा. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते पाहायचं. जेमतेम कागद सरकेल एवढी फट पुरे. त्याहून बरीच जास्त असेल तर नटच्या खाचा खोल करायला हव्यात, आणि ते काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, कारण जास्त कापलेली खाच परत वर येत नाही. ट्रस रॉडचंही (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी सळई) तपासून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी क्लिप) लावून तार शेवटच्या फ्रेटवर दाबली की आठव्या फ्रेटपाशी साधारण 0.25 मिमी फट दिसावी. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 मिमीच्या आसपास असेल तर अ‍ॅक्शनची, म्हणजे तारांच्या फ्रेटपासूनच्या उंचीची, तक्रार राहू नये. हे आकडे 9.5 ते 12 इंच रेडियसच्या (गोलाव्याच्या त्रिज्येच्या) फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकच्या तारांखालच्या बाजूसाठी, गिटार बनवणारी फेंडर कंपनी स्वतः देते. ‘हा नेक मला झेपत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गिटारींचा नेक चांगलाच होता, नट उंच होता.

एवढं करूनही दुखत असेल तर मग नेकच्या आकाराकडे वळू. लोक इथे फक्त जाडीचा आकडा बघतात. पहिल्या फ्रेटपाशी 20-21 मिमी ही मध्यम जाडी समजा. आयबनेझ कंपनीच्या सुपर विझार्डसारखा नेक 17 मिमीपर्यंत उतरतो, तर जुन्या धाटणीचे भरीव नेक 23 मिमीच्याही वर जातात. पण सारख्याच 21 मिमीचे दोन नेक हातात अगदी वेगळे लागू शकतात. फरक असतो खांद्यांचा, म्हणजे फिंगरबोर्डच्या कडेपासून पाठीकडे जाताना लाकूड किती ठेवलंय त्याचा. नेकच्या आडव्या छेदाच्या आकाराला इंग्रजी अक्षरांची नावं आहेत: ‘सी’मध्ये खांदे उतरते असतात, ‘डी’मध्ये पाठ सपाट आणि खांदे भरलेले, ‘यू’मध्ये तर भिंतीसारखे उभे, आणि ‘व्ही’मध्ये मधोमध कणा राहून दोन्ही बाजूंचं लाकूड काढलेलं असतं. लहान हाताला त्रास होतो तो बहुतेक वेळा भरलेल्या खांद्यांचा, कारण बोटांना वळसा घालून यावं लागतं. म्हणून तुमच्यासाठी माझा कौल मध्यम जाडीच्या, उतरत्या खांद्यांच्या ‘सी’ला किंवा हलक्या ‘व्ही’ला. अंगठा नेकच्या वरच्या कडेवरून काढून वाजवायची सवय असेल तर ‘व्ही’ नक्की हाताळून बघा. फेंडरच्या एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टर मॉडेलला) तसाच हलका व्ही असतो. अंगठा कायम पाठीमागे मधोमध ठेवणाऱ्यांना मात्र तो कणा टोचतो.

(जुन्या फेंडर नेकच्या बुडावर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, ए, बी, सी, डी असा शिक्का दिसला तर तो आकाराचा समजू नका. साठच्या दशकात ती अक्षरं नटच्या रुंदीसाठी होती. बी म्हणजे 1 5/8 इंच.)

बोटं खरोखर पोचत नसतील, म्हणजे तर्जनी पहिल्या फ्रेटवर ठेवून करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत जातच नसेल, तर उपाय जाडीत नाही, स्केल लेंग्थमध्ये, म्हणजे तारेच्या वाजत्या भागाच्या लांबीत आहे. फेंडरच्या स्ट्रॅट-टेलीचं (टेली म्हणजे टेलीकास्टर) स्केल 648 मिमी, गिब्सनच्या लेस पॉल घराण्याचं साधारण 628, आणि फेंडरच्याच जॅग्वार-मस्टँगचं 610. पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर अनुक्रमे सुमारे 97, 94 आणि 92 मिमी येतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताणलेल्या करंगळीला तीन मिलिमीटर खूप असतात. शिवाय 648वरून 628वर आलात की त्याच तारा त्याच सुरात लावूनही ताण सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो, म्हणजे बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपे. तेवढ्यासाठी गिटार बदलायची नसेल तर तारांचा 10च्या सेटऐवजी 9चा, म्हणजे जरा बारीक तारांचा, लावा. सगळ्यात स्वस्त प्रयोग तोच.

नटची रुंदी इलेक्ट्रिकवर बहुतेक 42 ते 43 मिमी असते, तिच्यात फार अडकू नका. रेडियसचं एवढंच लक्षात ठेवा की जुना 7.25 इंची गोलवा कॉर्डला हाताशी छान बसतो, पण अ‍ॅक्शन खाली असेल तर वरच्या (बॉडीकडच्या) फ्रेटवर मोठ्या बेंडचा आवाज अर्ध्यातच मरतो. 9.5 ते 12 इंचांत दोन्ही निभतं.

पॉलिशकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही आणि सोय अनेकदा तिथेच अडलेली असते. चकचकीत पॉलिशवर घामाने तळवा चिकटतो, चिकटला की जागा बदलताना आपण पकड आवळतो, आणि गाडी पुन्हा चिमट्यावर येते. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनला नेकवर लाखेचा थर नकोच असायचा. तुम्हाला इतकं टोकाला जायची गरज नाही. नेकच्या फक्त पाठीवर 0000 नंबरचं स्टील वूल हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवा. चमक गेली की थांबा. त्याआधी पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या, बॉडीवरच्या चुंबकी भागांवर) टेप चिकटवा, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकांना जाऊन बसेल आणि काढता काढता नाकी नऊ येतील. गिटार मौल्यवान किंवा जुनी असेल तर यातलं काहीही करू नका, किंमत उतरते.

नवीन गिटार बघायला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांच्या मतावर जाऊ नका. पातळ नेक पहिल्या पाच मिनिटांत हमखास आवडतो. बसून, एरवी वाजवता तेच, वीसेक मिनिटं सलग वाजवा, त्यात बार कॉर्ड भरपूर येऊ द्या. मग हात सोडून मूठ उघडमीट करून बघा, ताण कुठे साठलाय ते कळतं. आणि बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल तर नेकचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवा.

एक राहिलं. तुमची गिटार स्ट्रॅट किंवा टेलीसारखी, नेक चार स्क्रूंनी बसवलेली असेल तर नुसता नेकही बदलता येतो. फेंडर पद्धतीच्या नेकचं बूड साधारण 56 मिमी रुंद असतं, ते आणि स्केल लेंग्थ जुळते का तेवढं मोजून मागवा. नवा नेक बसवल्यावर सेट-अप पुन्हा करावा लागेल, तो खर्च धरून चला. लेस पॉलसारखा चिकटवलेला नेक असेल तर मात्र हा मार्ग बंद.