‘सौजन्य: गुगल’ का चालत नाही?

मुलीनं पृथ्वीवरच्या प्रकल्पात आठ चित्रं लावली, प्रत्येकाखाली ‘सौजन्य: गुगल’ लिहिलं आणि बाईंनी त्यावर लाल पेनानं गोल केला. यात तिचं चुकलं काय, असं तुम्ही विचारलंय. बाईंचं बरोबर आहे. गुगल चित्र कुठे आहे ते दाखवतं, काढलेलं असतं दुसऱ्याच कुणीतरी. ग्रंथालयातल्या कपाटाला पुस्तकाचा लेखक म्हणण्यातला प्रकार झाला हा.

तिनं लावलेलं काळ्या पार्श्वभूमीवरच्या अख्ख्या पृथ्वीचं चित्र बहुधा ‘ब्लू मार्बल’ असावं. ते चित्र गुगल लेन्समध्ये टाकून मूळ पान शोधायला सांगा. ७ डिसेंबर १९७२ रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो १७ मधून तो फोटो काढला गेला. श्रेय तिन्ही अंतराळवीरांना मिळून दिलं जातं, कारण बटण नेमकं कुणी दाबलं यावर एकमत नाही. गंमत म्हणजे मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे! आपल्याला नकाशाची सवय, म्हणून छापताना तो फिरवला. आता सांगा, प्रकल्पात लिहिण्याजोगं हे जास्त की ‘सौजन्य: गुगल’?

खाली एवढं पुरे: ‘ब्लू मार्बल, अपोलो १७ चा चमू, नासा, १९७२’, आणि मूळ पानाचा पत्ता. नासाचे बहुतेक फोटो शिक्षणासाठी मोकळे असतात, पण त्यांचं बोधचिन्ह उचलून मुखपृष्ठावर लावू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

बाकीच्या चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स हे मोकळ्या चित्रांचं संकेतस्थळ बघा. तिथे प्रत्येक चित्राच्या पानावर फोटोकाराचं नाव आणि परवाना असतो. ‘सीसी बाय’ (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, एक खुला परवाना) म्हणजे नाव द्या आणि वापरा. ‘एनसी’ आणि ‘एनडी’वाली चित्रं कॉमन्सवर घेत नाहीत, पण ती इतर संकेतस्थळांवर भेटतील. पुढे ‘एनसी’ असेल तर त्यावर पैसे कमवायचे नाहीत, शाळेला त्याची अडचण नाही. ‘एनडी’ असेल तर मात्र कापून, रंग बदलून केलेलं चित्र पुढे कुणाला द्यायचं नाही, आणि मुलांचा हात तर नेमका तिथेच शिवशिवतो. गुगलच्या चित्रशोधातही ‘टूल्स’खाली ‘युसेज राइट्स’ आहे, पण त्यावर विसंबू नका, मूळ पान उघडून परवाना वाचा.

वॉटरमार्क खोडून चित्र लावणं मला सगळ्यात जास्त खटकतं. नाव लिहायचं विसरणं वेगळं आणि असलेलं नाव पुसणं वेगळं. प्रकल्प वहीतच राहणार असेल तर फारसं कुणी विचारणार नाही, हे खरं. पण हल्ली शाळा तेच प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकतात, तिथे प्रश्न येतो.

एआयनं बनवलेलं चित्र असेल तर तसं स्पष्ट लिहावं. आणि शोधूनही ज्याचा धनी सापडत नाही ते चित्र काढून टाका, त्या जागी तिला पेन्सिलीनं आकृती काढू द्या. मी तपासताना अशा वेड्यावाकड्या आकृतीपाशी जास्त वेळ थांबते.