आमदारांचे पत्र दिले, तरी पेन्शनची फाइल जागची हलत नाही

प्रश्न : मी नंदनवन भागात राहते. माझे यजमान नागपुरातल्या एका शंभर टक्के अनुदानित माध्यमिक शाळेत 1994 पासून सहायक शिक्षक होते. ऑगस्ट 2024 मध्ये नोकरीत असतानाच ते वारले. दीड वर्ष उलटले, पण कुटुंबनिवृत्तिवेतनाचा एक रुपया हाती आलेला नाही. शाळा म्हणते प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे आहे. तिथले बाबू म्हणतात त्रुटी काढून परत पाठवला. मध्येच कोर्टाचे वारस प्रमाणपत्र आणायलाही सांगितले. डिसेंबरात आमच्या भागातल्या आमदारांचे पत्र नेऊन दिले, त्यावरही उत्तर नाही. आता त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात बसणारा एक जण म्हणतो, "काकू, पाच हजार द्या, साहेबांच्या फोननं होऊन जाते." मुलगा कलेक्टर ऑफिसात लिपिक आहे. राजकीय दबाव आणला म्हणून आपल्यावर कारवाई होईल, अशी भीती त्याला वाटते. खासदारांकडे जावे का? की कोर्टातच जावे?

उत्तर : ताई, पाच हजारांचे आधी सांगतो. देऊ नका. सरकारी अधिकाऱ्यावर आपले वजन वापरतो म्हणून पैसे घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 7-अ खाली गुन्हा ठरू शकतो आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सुटत नाही. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार केली तरच संरक्षण मिळते. तो माणूस पुन्हा बोलला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे. त्याआधी आमदारांना समक्ष भेटून त्याचे नाव सांगा. पुष्कळदा साहेबांना याचा पत्ताही नसतो. कधीच नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता पत्राकडे येऊ. तुम्ही सोबत जोडलेली प्रत वाचली. "सदर प्रकरणी नियमानुसार सहकार्य करावे, ही विनंती." खाली सही, शिक्का. अशी पत्रे शिक्षणाधिकारी कार्यालयात रोज गठ्ठ्याने येतात. उत्तर आलेच असते, तर "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल" एवढेच आले असते. दोघांनीही नियम पाळला, फाइल तिथेच.

लोकप्रतिनिधीकडे गाऱ्हाणे नेण्यात काहीही गैर नाही, ते त्याचे कामच आहे. पण शिक्षणाधिकाऱ्याला आदेश देण्याचा अधिकार कायद्याने आमदाराला दिलेला नाही आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेला निर्णय कोर्टात टिकत नाही. यातला मोठा निकाल आपल्या विदर्भातलाच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांनी सावकारीच्या तक्रारी केल्या होत्या. त्यांवर थेट गुन्हे नोंदवू नयेत, अशा अर्थाचा निरोप मुख्यमंत्री कार्यालयातून खाली गेला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून दिल्लीला पोहोचले आणि डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारवर 10 लाखांचा खर्च बसवला. तेव्हा आमदारांकडून "हे काम करून द्या" असे लिहून घेऊ नका. त्यांच्यामार्फत तारीख मागा आणि कारण मागा. हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि खात्याला अडचणीचे वाटते तेही हेच.

म्हणून नवीन पत्र घ्या, आणि मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. पीएला आयता मजकूर मिळाला तर तो खूश होतो. पत्र एका पानाचे असावे. यजमानांचे नाव, शाळा आणि मृत्यूची तारीख टाकल्यावर त्यात इतकेच विचारायचे : प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या आवक क्रमांकाने कार्यालयात आला, त्रुटी नेमक्या कोणत्या आणि त्या कोणत्या नियमाखाली काढल्या, सेवापुस्तकाची वेतनपडताळणी (नोंदवलेला पगार नियमाप्रमाणे आहे की नाही याची तपासणी) झाली का, नसल्यास सेवापुस्तक आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि प्रस्ताव महालेखापालांकडे (पेन्शन शेवटी तेच मंजूर करतात) कधी जाणार. पत्रात 2005 च्या महाराष्ट्र अधिनियमाचा, म्हणजे बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा, उल्लेख हवाच. त्याच्या कलम 10 प्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर निर्णय 45 दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत व्हायला हवा. मुद्दाम विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. हा कायदा सरकारी नोकरांना लागू आहे, शाळेच्या संस्थाचालकांना नाही. म्हणून "शाळेला परत पाठवला" असे जे तोंडी सांगतात, ते कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला हे लेखी मिळणे महत्त्वाचे.

20 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य शासनाने आमदार-खासदारांना द्यायच्या वागणुकीबद्दल शासन निर्णय काढला. अधिकाऱ्याने खुर्चीतून उठून उभे राहावे, एवढ्याच कलमावर तेव्हा चर्चा झाली. तुमच्या उपयोगाचे कलम वेगळे आहे : लोकप्रतिनिधीच्या पत्राची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवायची आणि दोन महिन्यांत उत्तर द्यायचे. पत्र दिल्यावर पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या आणि दोन महिने होताच त्याच क्रमांकाचा हवाला देऊन आमदारांकडून स्मरणपत्र पाठवा. डिसेंबरातल्या पत्राची पोच तुमच्याकडे नाही. म्हणजे ते तिथे पोहोचले, याला आज तुमच्या शब्दाखेरीज पुरावा नाही.

पत्र कोणाचे घ्यावे? भागातले आमदार चालतील. पण तुमच्या कामाला जास्त जवळचा माणूस विधान परिषदेत आहे. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी निवडून दिलेला शिक्षक मतदारसंघाचा आमदार असतो. सेवापुस्तक, वेतन पथक (शाळांचे पगार काढणारे कार्यालय), वेतनपडताळणी या विषयांत त्याचा रोजचा वावर असतो आणि फाइल कोणत्या टेबलावर अडते हे त्याच्या कार्यालयातल्या लोकांना पाठ असते. तुम्ही त्या मतदारसंघाच्या मतदार नाही, त्याने काही बिघडत नाही. यजमान शिक्षक होते.

खासदारांकडे जाऊन आज फारसे साधणार नाही. माध्यमिक शिक्षण खाते राज्याचे. सिव्हिल लाइन्समधले महालेखापाल कार्यालय केंद्राचे म्हणून खासदार कामी येतील, असे काहींना वाटते. पण ते कार्यालय नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अधीन, म्हणजे घटनात्मक यंत्रणेचा भाग आहे आणि मुळात तुमचा प्रस्ताव अजून तिथे पोहोचलेलाच नाही. लोकशाही दिनाचा, म्हणजे कलेक्टर ऑफिसात तक्रारी ऐकण्यासाठी ठरवलेल्या दिवसाचाही, विचार डोक्यात असेल, तर तिथे सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक तक्रारी घेत नाहीत. पेन्शनचे नाव काढताच अर्ज परत करतील.

विधिमंडळात प्रश्न विचारायला लावा, असा सल्लाही कुणी देईल. एका व्यक्तीच्या प्रकरणावर तारांकित प्रश्न (ज्याचे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते) सहसा स्वीकारला जात नाही. "नागपूर विभागात सेवेत मृत्यू पावलेल्या अनुदानित शाळांतील शिक्षकांचे किती कुटुंबनिवृत्तिवेतन प्रस्ताव सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित आहेत" असा प्रश्न असेल तर त्याला वाव आहे. खात्याला यादी करावी लागते आणि यादीत तुमचे नाव येते.

पण या सगळ्यात एक धोका आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार त्यातच सापडतात. आमदारांच्या मागे धावताना वर्षे जातात आणि माणसाला वाटते की आपण पाठपुरावा करतो आहोत, म्हणजे हक्क सुरक्षित आहे. अर्ज-विनंत्या करत राहिल्याने कोर्टात जाण्याची मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. पेन्शन दर महिन्याला देय होते, त्यामुळे तुमचा मूळ हक्क बुडणार नाही. मात्र उशिरा गेलात, तर थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. तुमच्या बाबतीत ऑगस्ट 2027 पर्यंत पूर्ण थकबाकी शाबूत आहे. तोवर थांबायचे मात्र नाही.

त्यासाठी पत्रासोबतच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे फाइलवरील टिपण्या आणि त्रुटीपत्राची प्रत मागा. दुसरा अर्ज शाळेकडे, सेवापुस्तकाच्या प्रमाणित प्रतीसाठी. शाळा अनुदानित असल्याने तिला माहिती द्यावी लागते. उत्तराची मुदत 30 दिवस. या कागदांचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 129-ब प्रमाणे पेन्शन सहा महिन्यांहून अधिक रखडली आणि दोष प्रशासनाचा असेल, तर व्याज मिळते. उपदानासाठी (ग्रॅच्युइटी) तशीच तरतूद 129-अ मध्ये आहे. दोष शाळेचा की खात्याचा यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील. तो वाद आवक-जावक क्रमांकांवरच निकाली निघेल. शिक्षणाधिकाऱ्यांकडे पेन्शनसाठी कराल त्या पहिल्या अर्जातच (माहिती अधिकाराच्या अर्जात नव्हे) व्याजाची मागणी लेखी करा. शिवाय अंतिम मंजुरी होईपर्यंत तात्पुरते कुटुंबनिवृत्तिवेतन द्यावे, असेही लिहा. त्याची तरतूद याच नियमांत आहे आणि शाळा सहसा आपणहून सांगत नाही.

दोन महिन्यांत लेखी उत्तर आले नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि मग नागपूर खंडपीठात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही. अनुच्छेद 300-अ प्रमाणे ती मालमत्ता आहे, हा कायदा पक्का आहे. फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. खंडपीठाच्या आवारातल्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करा किंवा आधी 15100 वर फोन करून विचारा.

वारस प्रमाणपत्राच्या मागणीने घाबरू नका. कुटुंबनिवृत्तिवेतन हा मृताच्या इस्टेटीचा भाग नाही. ते नियमांनी ठरवलेल्या व्यक्तीला मिळते, मृत्युपत्रानेही ते दुसऱ्याला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच हे स्पष्ट केले आहे. विवाहित पत्नी म्हणून तुमचा हक्क पहिला. दुसरे लग्न किंवा वारसांत वाद असा प्रकार तुमच्या पत्रात दिसत नाही. तेव्हा ही त्रुटी कोणत्या नियमाखाली काढली ते लेखी मागा. बहुधा ती कागदावर उतरणारच नाही.

राहिला मुलगा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 च्या नियम 23 प्रमाणे कर्मचाऱ्याने स्वतःच्या सेवेविषयीच्या बाबीत, म्हणजे बदली, पदोन्नती, शिक्षा यांत राजकीय वजन आणू नये. आईची पेन्शन ही त्याची सेवाबाब नाही. तरी अर्जावर सही तुमची असू द्या, आमदारांकडे तुम्ही स्वतः जा आणि त्याने कार्यालयीन वेळेत, कलेक्टर ऑफिसचे ओळखपत्र गळ्यात घालून शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशीला जाऊ नये. सुटीच्या दिवशी घरी बसून पत्र टाइप करून द्यायला त्याला कोणताही नियम अडवत नाही.