एकटीने केलेल्या परदेश प्रवासाचा शेवटचा दिवस कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच एकट्या परदेशात निघालाय, परतीचं विमान रात्रीचं आहे आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी बारालाच सोडायची आहे. मग त्या दिवशी राहिलेली ठिकाणं भराभर उरकावीत, की कुठे न जाता नुसतं बसून राहावं, असा तुमचा प्रश्न.

माझं म्हणाल तर दोन्ही नको. एकच ठिकाण ठरवा. तेही 'बघायलाच हवं' छापाच्या यादीतलं नको, तुमच्या गावाशी कुठून तरी धागा जुळणारं असू द्या. असा धागा जवळजवळ प्रत्येक शहरात सापडतो, फक्त निघण्याआधी घरी बसून शोधावा लागतो.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे पाहुणे आले की रत्नदुर्ग, पांढरा समुद्र आणि थिबा पॅलेस ही ठरलेली वरात. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं आणि मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण बघतो तो वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच काळात, म्हणजे १९०८ ते १९१४, आमच्या टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे टिळक मंडालेत. शाळेत हे ऐकल्यापासून मंडाले बघायचं डोक्यात होतं.

गेले ती २०२१ च्या लष्करी उठावाच्या आधी. आज तिथे यादवी चालली आहे, मार्च २०२५ च्या भूकंपात मंडालेचं बरंच नुकसान झालंय, तेव्हा तिकडे जा असं मी तुम्हाला सुचवत नाही. माझा शेवटचा दिवस कसा गेला एवढंच सांगते.

मंडाले, बगान करून शेवटी रंगूनला, म्हणजे आताच्या यांगूनला आले होते. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती ती थिबाची पट्टराणी सुपयालत. रत्नागिरीत थिबाची समाधी आहे, त्याच्या धाकट्या राणीचीही आहे, पण पट्टराणी नाही. राजा गेल्यावर १९१९ मध्ये तिला मायदेशी जाऊ दिलं, पण मंडालेला नाही, रंगूनला. तिथेच १९२५ मध्ये ती वारली. श्वेडगॉन पॅगोडाच्या दक्षिण दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची समाधी आहे.

सकाळी न्याहारीच्या आधीच बॅग भरून हॉटेलच्या काउंटरवर ठेवली. हे काम दुपारी बारावर टाकू नका. मग सगळी सकाळ घड्याळाकडे बघण्यात जाते. पासपोर्ट, चार्जर, औषधं आणि एक बदलायचा कुर्ता एवढं खांद्यावरच्या पिशवीत. न्याहारीला मोहिंगा खाल्ला, म्हणजे माशाच्या दाटसर रश्शात तांदळाच्या शेवया. मासळी आंबवून केलेल्या त्यांच्या लगद्याच्या वासाला बरेच पर्यटक नाकं मुरडतात. सुकटीच्या वासात वाढलेल्या आम्हा लोकांना त्याचं काय! टपरीवर वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं असतात आणि पोऱ्याला बोलवायला लोक ओठांनी चक्क मुका घेतल्यासारखा आवाज काढतात. आपल्या एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये असा आवाज काढून बघा, काय होतं ते.

त्या दिवशी सोमवार होता. तिथलं मोठं बोजोक मार्केट सोमवारी बंद असतं, म्हणून खरेदी आदल्या दिवशीच उरकली होती. आपला शेवटचा दिवस कोणत्या वारी येतो आणि त्या वारी काय काय बंद असतं, हे तिकीट काढतानाच बघून ठेवा. रंगूनला शहराला वळसा घालणारी एक लोकल आहे, ४६ किलोमीटरची फेरी, तीनेक तास लागतात. फार मजेची म्हणतात. पण ती कधी रखडेल याचा नेम नाही, म्हणून तिला हात जोडले. वेळेचा भरवसा नाही ते आधीच्या दिवसांत करावं, नाहीतर सोडून द्यावं.

दुसरी गोष्ट क्रमाची. विमानतळापासून सगळ्यात लांबचं आधी आणि मग दिवसभर विमानतळाच्या दिशेने सरकायचं. रंगूनचा जुना भाग दक्षिणेला, नदीकाठी. विमानतळ उत्तरेला, पंधराएक किलोमीटरवर. श्वेडगॉन या दोन्हींच्या मध्ये. शहरात मोटारसायकलला बंदी असल्यामुळे रस्ता नुसत्या मोटारींनी भरलेला असतो. त्यातही गंमत म्हणजे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि बहुतेकांचं स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणून जेवून बॅग घेतली आणि टॅक्सी अर्ध्या दिवसासाठीच ठरवली. एकट्या बाईने सामान घेऊन दर वेळी नवी टॅक्सी शोधण्यापेक्षा थोडे पैसे जास्त गेलेले परवडतात. फक्त बॅग गाडीत ठेवण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा आणि तो घरी पाठवा, तेही टॅक्सीवाल्याच्या देखत.

समाधी पांढरी आहे, वर बर्मी पद्धतीचा निमुळता कळस. शेजारीच संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचीही समाधी आहे. गर्दी अजिबात नव्हती. सुपयालतबद्दल भाबडं होण्याचं कारण नाही. थिबा गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या भाऊबंदांची जी कत्तल झाली, तिचं खापर बरेच जण तिच्यावर आणि तिच्या आईवर फोडतात. तरी मला तिथे बरं वाटलं, उगाच माहेरची बाई भेटल्यासारखं. तीस वर्षं रत्नागिरीचा पाऊस काढलेली बाई ती.

टॅक्सीवाल्याला कळेना की सगळे श्वेडगॉनला धावतात आणि ही इथे काय करतेय. मोबाइलवर थिबा पॅलेसचा फोटो दाखवला आणि स्वतःकडे बोट करून म्हटलं, माझं गाव. तो फोटो त्याने दोन बोटांनी मोठा करून करून बघितला. मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. गालांवर थनाका, म्हणजे झाडाच्या सालीचा लेप, फासलेली म्हातारी आणि मी, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण तिने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मीही मराठीत सांगितलं की तुमच्या राजाची थोरली लेक रत्नागिरीलाच परतली, तिचा वंश अजून तिथे नांदतोय. त्याने नंतर मोडक्या इंग्रजीत विचारलं, राजाच्या समाधीवर फुलं असतात का? २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबा पॅलेसला येऊन गेले, ते मी त्याला सांगितलं. रोजच्या फुलांचं काही सांगता आलं नाही.

पुढे बहादूरशहा जफरचा दर्गा त्याच बाजूला. दिल्लीचा बादशहा तिथे कैदेत आणून ठेवला, १८६२ मध्ये गेला, आणि इंग्रजांनी कबरीचा मागमूस राहू दिला नाही. ती १९९१ मध्ये खोदकाम करताना सापडली. आज तळघरात जाऊन बघता येते. वीस मिनिटं पुरतात.

संध्याकाळी श्वेडगॉन, कारण उन्हात तिथली फरशी अनवाणी पायांना सोसत नाही. ९९ मीटर उंच सोन्याचा पॅगोडा, त्याचं वर्णन कुठेही वाचाल. मला आवडली ती जन्मवाराची सोय. बुधवारचे दोन भाग, दुपारच्या आधीचा आणि नंतरचा, असे धरून आठ ठाणी आहेत. आपल्या वाराच्या ठाण्यावर पाणी घालायचं. माझा बुधवार. सकाळचा की दुपारचा ते ठाऊक नाही, म्हणून तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "दुपारी, नेमकी जेवणाच्या वेळी. तुझ्या आजीने वाढलेलं ताट तसंच राहिलं होतं." म्हणजे राहूचं ठाणं, वायव्येला. तुम्ही तिकडे कधी गेलात तर जन्मवेळ विचारून जा.

तिथून विमानतळ, हातात पुरता वेळ ठेवून. क्यात हे तिथलं चलन देशाबाहेर कुणी बदलून देत नाही, म्हणून टॅक्सीचे पैसे बाजूला काढून उरलेल्याचा सुका चहा घेतला. तुमच्या देशाचं चलन असं असेल तर शेवटच्या सकाळीच हिशेब लावा.

आणि तुम्हीही कोकणातल्या असाल तर एक गोष्ट विसरू नका, मुंबईला उतरलं म्हणजे घरी पोचलं असं नसतं. बँकॉकमार्गे मी मध्यरात्रीनंतर उतरले आणि सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडली. तिचं आरक्षण जायच्या आधीच करून ठेवलं होतं. आरक्षण, भारतातलं सिम आणि थोडे रुपये एका वेगळ्या पाकिटात ठेवा आणि शेवटच्या दिवशी ते पिशवीच्या अगदी वर असू द्या.