आयपीए कडू लागली? लागू दे की

अरे भावा, पहिल्याच घोटाला आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सची म्हणजे कडूपणा-वास देणाऱ्या फुलांची कडवट बिअर) कडू लागली म्हणून टेन्शन नको घेऊस, सगळ्यांचंच होतं. मी पुण्यात डूलालीत बसायला लागलो (२००९ ला सुरू झालेलं ते, स्वतःची बिअर बनवणारं) तेव्हा हेफवायझनच्या (जर्मन गव्हाची बिअर) पुढे जातच नव्हतो, त्यात केळं-लवंगेचा वास येतो ना, तो काही टाकलेला नसतो, यीस्टच तयार करतं. मग विटबिअर (बेल्जियन गव्हाची), पेल एल (आयपीएपेक्षा सौम्य), आणि एक दिवस आयपीए आवडायलाच लागली. नेहमीच्या लागर बिअरचा कडूपणा साधारण १०-१५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), आयपीएचा ४०-७०, मग जीभ दचकणारच ना! कारल्यासारखंच आहे हे, लहानपणी कोण खातं?

नंतर दोनेक वर्षं मला फक्त कडूच हवं असायचं, बाकी सगळं पाणी वाटायचं (तेव्हा जरा शिष्टपणाच करायचो, खरं सांगतो). आता परत साधी पिल्सनर (फिकट सोनेरी लागर) मागवतो, कारण तिच्यात चूक लपवायला जागाच नसते, ती चांगली जमवणं जास्त अवघड.

तू सॅम्पलर (छोट्या ग्लासांत वेगवेगळ्या बिअर) घे, हलक्यापासून सुरू कर, आयपीए ताजीच पी, हॉप्सचा वास लवकर उडतो, आणि स्टाउट (काळी बिअर) एकदम गार नको, दहा मिनिटं ठेव मग बघ कॉफी-चॉकलेट कसं वर येतं. आणि गाडी घरीच ठेव.