सर्व्हर ऑफिसातच ठेवू की क्लाउडवर नेऊ? त्याआधी राउटर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट, चौदा कॉम्प्युटर, कोपऱ्यात एक विंडोज सर्व्हर, त्यावर हिशोबाची टॅली आणि पार्ट्यांची ड्रॉइंग्ज. वेबसाइट आणि ईमेल कुठल्याशा स्वस्त होस्टिंगवर. शेजारच्या युनिटमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरलं, सगळ्या फायलींना कुलूप लागलं आणि तुमची झोप उडाली. हार्डवेअरवाला म्हणतो सगळं क्लाउडवर न्या, मेहुणे म्हणतात भारीतला अँटिव्हायरस घ्या. ऐकायचं कुणाचं?

सध्या कुणाचंच नको. मी हे काम बावीस वर्षं करतोय, आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं तुमच्याच मापाची आहेत. ज्यांचा डेटा गेलेला मी जवळून पाहिला, त्यांच्याकडे अँटिव्हायरस होता. काहींकडे बॅकअपही होता. तरी गेला, कारण एकाच पासवर्डचा हात सगळीकडे पोचत होता: टॅलीपर्यंत, ड्रॉइंगपर्यंत आणि बॅकअपपर्यंतही.

माझंच उदाहरण देतो, त्यात चूकही माझीच होती. २०१९ साली सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं एक दुकान माझ्याकडे होतं. मालकांना रात्री घरून टॅली बघायची असे, म्हणून मी राउटरवर ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून दिला. लांबून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला दरवाजा, आणि फॉरवर्ड केला म्हणजे तो बाहेरच्या इंटरनेटला थेट उघडा झाला. असे उघडे दरवाजे चाचपत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, त्यांना सांगली आणि हळद यांच्याशी काही देणंघेणं नसतं. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३. शनिवारी रात्री कुणीतरी आत आलं. सोमवारी सकाळी दिवाणजींचा फोन: "अहो, टॅलीत कंपनीच दिसेना." जाऊन बघतो तर प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी, आणि बॅकअपची यूएसबी डिस्कसुद्धा कुलूपबंद. ती मीच सर्व्हरच्या मागे कायमची लावून ठेवली होती. रोज रात्री अकराला आपोआप कॉपी व्हायची, त्याचं मला कौतुकही होतं.

आम्ही वाचलो ते सीएंमुळे. ऑडिटसाठी तीन महिन्यांपूर्वी दिवाणजींनी त्यांना टॅलीचा बॅकअप मेलवर पाठवला होता. तिथून पुढची विक्री जीएसटी पोर्टलवरच्या आमच्याच जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातून काढली, व्यापाऱ्यांकडची खरेदी तिथल्याच २ए या खरेदीच्या यादीतून, बाकी बँकेची स्टेटमेंटं. शेतकऱ्यांची आवक पोर्टलवर कुठून असणार? ती हिशोबपट्ट्यांच्या कार्बन कॉप्या चाळून भरली. दोन माणसं, पाच आठवडे. मी पैसे घेतले नाहीत, मालकांनी विचारलंही नाही, आणि तो अबोला मला पैशापेक्षा महाग पडला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाहतो. जे मशीन बॅकअप काढतं त्याला तो बॅकअप पुसता येतो का? येत असेल तर चोरालाही येतो.

मोठ्यांचीही हीच कथा आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम पसरला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथे कर भरणाऱ्या कंपन्या ते वापरायच्या, म्हणजे त्यांची टॅलीच म्हणा. डेन्मार्कची मर्स्क ही तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी त्यात आडवी झाली. आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीत त्यांच्या गटाचं जे टर्मिनल आहे तेही ठप्प झालं. मर्स्ककडे लोकांच्या लॉगिनची यादी सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज कुणाला वाटली नव्हती. सगळे एकदमच गेले. उरला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने बसवले, असं नंतर त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं. लोडशेडिंगला मी जन्मभर शिव्या घातल्या आहेत, पण या बाबतीत गप्प बसतो.

तेव्हा तुमच्याकडेही एक 'घाना' मुद्दाम करून ठेवायचा. दोन यूएसबी डिस्क घ्या. एक आठवडा पहिली, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. कॉपी झाली की डिस्क काढायची, आणि जी चालू नाही ती तुमच्या घरच्या कपाटात, ऑफिसात नाही. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचंच कुलूप लावा, कारण ती गाडीत विसरली तर पार्ट्यांची ड्रॉइंग्जच रस्त्यावर आली असं समजा. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवायची, त्याच सर्व्हरवरच्या नोटपॅडात नाही. (हसू नका, मी पाहिलंय.)

रोजच्या बॅकअपसाठी एक छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घ्या, पण उलट्या दिशेने चालवा. सर्व्हरने नॅसवर कॉपी टाकायची नाही, नॅसने येऊन सर्व्हरवरून उचलायची, तीही फक्त वाचायची परवानगी असलेल्या खात्याने. मग सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तरी त्याच्या हाती नॅसची किल्ली लागत नाही. नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या अवस्थेची जपून ठेवलेली प्रत, चालू ठेवा, म्हणजे कुलूपबंद फायली उचलल्या गेल्या तरी कालची अवस्था शाबूत राहते. नॅसचं अ‍ॅडमिन पान सर्व्हरच्या ब्राउझरमध्ये उघडून पासवर्ड 'सेव्ह' केलात की ही सगळी मेहनत पाण्यात. आणि नॅससुद्धा इंटरनेटवरून थेट दिसता कामा नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असे उघडे नॅसच गाठले होते.

टॅलीचं एक वेगळं आहे. दिवसा चार जण एंट्री करत असताना डेटा फोल्डर नुसता कॉपी केला तर अर्धवट अवस्थेतल्या फायली येऊ शकतात. सगळे बाहेर पडल्यावर, रात्रीची वेळ लावा. शिवाय टॅलीचा डेटा शेअर केलेल्या फोल्डरात असेल तर तिथे प्रत्येक अकाउंटंटला लिहायची परवानगी द्यावीच लागते, म्हणजे त्यांच्यातल्या एकाने बनावट 'कुरिअर इनव्हॉइस' उघडलं तरी पुरे. म्हणून टॅलीची मशीन्स आणि दिवसभर बाहेरचे मेल उघडणारी मशीन्स शक्य तितकी वेगळी ठेवा.

आणि क्लाउडवाल्या ड्राइव्हमध्ये फोल्डर सिंक होतोय म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज सोडा. सिंकचं कामच मुळी इकडे जे झालं ते तिकडे करायचं. इकडे कुलूप लागलं की तिकडेही लागतं. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात हे खरं, पण हजारो फायलींची एकेक आवृत्ती मागे नेत बसायचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

आता रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करणं. गिटलॅब ही प्रोग्रामरांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, पण शोधायला गेल्यावर एकही धड निघेना. रोजचा बॅकअप तर सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हता. 'बॅकअप फसला' असे इशाऱ्याचे मेल निघत होते, पण त्या मेलवर पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. एकाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज घेतलेला स्नॅपशॉट हाती लागला, त्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

तुम्ही तीन महिन्यांतून एका शनिवारी एवढंच करा. जुना पीसी घ्या, ऑफिसच्या नेटवर्कला न जोडता घरच्या डिस्कवरून टॅली उभी करा. डे-बुकातली शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे ते बघा, स्टॉक समरी चालू टॅलीशी पडताळा, आणि पाच ड्रॉइंग्ज उघडा, नुसती यादी दिसून उपयोग नाही. किती तास लागले ते लिहून ठेवा. पहिल्या खेपेला नक्की कुठेतरी अडाल. बहुतेक जण अडतात ते टॅलीच्या लायसन्सवर. नव्या मशीनवर ते चालू करायला लागणारी की ज्या ईमेलवर येते, तो ईमेल चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. ही अडचण शांतपणे चहा पिताना सापडलेली बरी.

आता क्लाउडचं. तुमची ड्रॉइंग्ज जड, आणि एमआयडीसीत कुणी ना कुणी रस्ता खोदून केबल तोडतोच. फायलींचा सर्व्हर ऑफिसातच राहू द्या. टॅली क्लाउडवर गेली तरी चालेल, नाही गेली तरी काही बिघडत नाही. क्लाउडवर गेल्याने सांभाळायचं काम संपतं, असं मात्र कुणी सांगितलं तर सावध व्हा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. होस्टिंगवाल्याला विचारायचा प्रश्न एकच: बॅकअप कोणत्या शहरात, आणि माझ्याच लॉगिनने तो पुसता येतो का? ठरावीक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येत नाही अशी स्टोरेजची सोय आता मिळते, ती मागून घ्या.

ईमेल मात्र त्या स्वस्त होस्टिंगवरून आजच हलवायला लागा. वेबसाइट आणि मेल एकाच सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या एकाच नियंत्रण पानावर, असले की वेबसाइटच्या एखाद्या जुन्या प्लगइनच्या भोकातून आलेला माणूस तुमचे मेल वाचत बसतो. तो घाई करत नाही. मोठ्या बिलाची वाट पाहतो आणि बरोबर त्या दिवशी तुमच्या पार्टीला मेल जातो, 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे'. मेलच्या सेटिंगमध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंग लावलंय का ते आत्ता बघा. दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करा, मालकांना पहिलं. खातं बदलल्याचा मेल आला तर फोन करायचा तो जुन्या, आपल्याकडच्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नव्हे. आणि इतकं होऊनही पैसे गेलेच, तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि मेलचा पत्ता ज्यावर चालतो ते नाव, कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असेल तर ते तुमचं नाही. तो नोकरीला लागला, नूतनीकरणाचा मेल वाचला नाही, की एका सकाळी वेबसाइट आणि मेल दोन्ही बंद. खातं युनिटच्या नावाने करून घ्या. त्या खात्याचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर पासवर्ड बदलायचा मेल येणार कुठे?

अँटिव्हायरसवर फार वेळ घालवत नाही. विंडोजमध्ये येतो तो डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसा आहे, अपडेट वेळेवर असतील तर. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अशी किती मशीन्स आहेत ते मोजा. रोजचं काम कुणीही अ‍ॅडमिन खात्याने करायचं नाही. हार्डवेअरवाल्याचं रिमोट ॲप कायम चालू ठेवायचं नाही. तो चांगला मुलगा असेल, पण त्याचा एकच पासवर्ड त्याच्या तीस गिऱ्हाइकांना चालत असतो.

युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कायद्याचंही बघावं लागेल. हिशोब संगणकावर ठेवत असाल तर त्यांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे, तेव्हा परदेशी स्वस्त स्टोरेज घेण्याआधी सीएंना विचारा. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवायचं असतं. त्या वेळी घाईने फॉरमॅट मारू नका. लॅनची केबल काढा, डिस्क बाजूला ठेवून नव्या डिस्कवर काम सुरू करा. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या पुढे 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर फुकट मिळतात. खंडणी द्यावी का, याचं माझं उत्तर 'नाही'. नॉटपेट्यात तर पैसे भरणाऱ्यांसाठी किल्ली अस्तित्वातच नव्हती.

पण हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी राउटरचं सेटिंग उघडा आणि पोर्ट फॉरवर्डिंगचं पान बघा. ३३८९ दिसला तर बंद करा. कुणी हुशारी करून ३३९० किंवा दुसरा आकडा टाकला असेल तर तोही बंद, चाचपणारे सगळेच पोर्ट चाचपतात. मालक म्हणून तुम्हाला रात्री टॅली बघायची असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंतचा खासगी बंद रस्ता, लावू, त्याला तासाभराचं काम आहे. त्या पानाचा फोटो पाठवलात तर काय काय उघडं आहे ते सांगतो. वरचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, तेवढा खोडून पाठवा.