भाव सांगणारा बॉट तीन ठिकाणी कसा चालवायचा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा साडेतीनशे शेतकऱ्यांचा गट आहे. मी युट्यूबवर पाहून पायथॉन शिकलो आणि टेलिग्रामवर कापूस-सोयाबीनचा भाव सांगणारा बॉट (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) बनवला, तो चांगला चालून राहिला. पण निम्मे लोक म्हणतात आम्हाले व्हॉट्सॲपवरच पाहिजे, काही पोरं मेसेंजर म्हणतात. मग तीन बॉट लिहू का? आणि रोज सकाळी सगळ्यांना भाव आपोआप गेला पाहिजे, ते कसं जमवू?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तीन लिहू नका. मी आमच्या इकडच्या एका गटासाठी सुरुवातीला दोन वेगळे लिहिले होते, टेलिग्रामचा एक अन् व्हॉट्सॲपचा एक, आणि झालं काय की भावातली एक चूक मी टेलिग्रामवाल्यात दुरुस्त केली आणि दुसऱ्यात राहून गेली. एकाच घरातले दोघं भाऊ, एकाच्या फोनवर एक भाव, दुसऱ्याच्या फोनवर दुसरा. संध्याकाळी दोघांचाही फोन आला, खरा कोणता ते सांगा म्हणून. त्या दिवशी सगळं मोडलं आणि नव्यानं लिहिलं.

बॉटचं डोकं एकच ठेवा. त्या डोक्याला टेलिग्राम काय अन् व्हॉट्सॲप काय, काहीच माहीत नसलं पाहिजे. बाहेरच्या बाजूला प्रत्येक ठिकाणासाठी एक छोटा तुकडा, मी त्याला दुभाषा म्हणतो. टेलिग्रामवरून मेसेज येतो तेव्हा त्यात चॅट आयडी असते, व्हॉट्सॲपवरून फोन नंबर येतो, मेसेंजरवरून तुमच्या फेसबुक पेजपुरता एक लांबलचक आकडा येतो, आणि प्रत्येकाची बांधणी वेगळी. दुभाष्यानं ते सगळं सोलायचं आणि डोक्याकडे तीनच गोष्टी द्यायच्या, कुठून आलं, कोणी विचारलं, काय विचारलं. डोकं परत देणार मजकूर आणि दोन-चार पर्याय. ते पर्याय बटणं म्हणून दाखवायचे का यादी म्हणून, हे पुन्हा दुभाष्याचं काम. असं केलं की तुमचा आत्ताचा टेलिग्रामचा कोड फेकावा लागत नाही, त्याचे फक्त दोन भाग होतात.

बटणांमध्ये मात्र सगळे अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हॉट्सॲपवर एका मेसेजला तीनच उत्तर-बटणं लागतात आणि बटणावरचं नाव २० अक्षरांत बसवावं लागते, जास्त पर्याय असले तर यादीवाला मेसेज, त्यातही १० ओळींच्या वर जात नाही. टेलिग्रामवर बटणं भरपूर लावता येतात पण तिथं दुसराच खड्डा आहे. बटणामागे आपण जी खूण लपवतो ना, बटण दाबलं की परत येते ती, तिला ६४ बाइटची (बाइट म्हणजे कॉम्प्युटरचं मजकूर मोजायचं माप) मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट खाते. मी खूण ठेवली होती ‘सोयाबीन-यवतमाळ-आजचा-भाव’, ती बसली, कारण ती बरोबर ६३ बाइटची होते. मग पांढरकवडा बाजार जोडला तर मेसेज जाणंच बंद. दोन दिवस मी इंटरनेटला दोष दिला, शेवटी मोजून पाहिलं तर ‘सोयाबीन-पांढरकवडा-आजचा-भाव’ ७२ बाइट. तेव्हापासून बटणावर मराठी आणि आत फक्त आकडे, पिकाला एक नंबर, बाजाराला एक नंबर.

त्याहून सोपं म्हणजे ‘१ कापूस, २ सोयाबीन, ३ तूर’ असं लिहून आकडा पाठवायला सांगणं, हे तिन्ही ठिकाणी चालते आणि म्हाताऱ्या माणसालाही समजते. फक्त एक करा, मराठी कीबोर्डवाला १ टाकतो, दुसरा इंग्रजी आकड्यातला एक टाकतो, मजकूर म्हणून तुलना केली तर हे दोन वेगळे आहेत आणि बॉट म्हणतो समजलं नाही. पायथॉनमध्ये इंट करून, म्हणजे मजकुराचा आकडा करून घ्या, तो देवनागरी आकडाही बरोबर वाचते.

आता तैनात करायचं, म्हणजे बॉट कुठं चालता ठेवायचा ते. टेलिग्रामचा बॉट घरच्या लॅपटॉपवर चालते कारण तो स्वतः जाऊन विचारते की काही नवं आलं का. व्हॉट्सॲप आणि मेसेंजरला तसं जमत नाही, तिथं मेटा (या दोन्हींची मालक कंपनी) तुमच्या दारात मेसेज आणून टाकते, म्हणून बारा महिने चालू राहणारा, एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) पक्का पत्ता असलेला सर्व्हर लागतेच. छोटासा भाड्यानं घ्या. फुकटवाले बरेच सर्व्हर काम नसलं की झोपतात, आणि पहिला मेसेज येऊन जागे होईपर्यंत शेतकरी दुसऱ्याला विचारून मोकळा होते. तसंही घरच्या लॅपटॉपचा भरवसा नाही. माझ्याकडे एकदा संध्याकाळी गेलेली लाईट रात्री अकराला आली, आणि टेलिग्राम न पोचलेले मेसेज २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवते, त्यामुळे लाईट आल्याबरोबर बॉटनं सगळ्यांना एकदम उत्तरं देणं सुरू केलं, झोपलेल्या घरांत फोन वाजले. मेसेजसोबत त्याची वेळ येत असते, ती तपासा, फार जुना असला तर तसं सांगून उत्तर द्या.

उलटही होते. मेटाला तुमच्या सर्व्हरकडून पोच वेळेवर मिळाली नाही तर तो तोच मेसेज पुन्हा आणून देते. भावाची साइट हळू होती, माझा बॉट तिची वाट पाहत बसला, आणि एका काकांना एकच भाव पाच वेळा गेला. त्यांना वाटलं भाव बदलून राहिला. म्हणून आधी लगेच पोच द्या, मग निवांत भाव शोधा, आणि प्रत्येक मेसेजचा आयडी लिहून ठेवा, तोच आयडी पुन्हा आला तर सोडून द्या. आणखी एक, मेटाच्या पानावर सुरुवातीला जो टोकन (बॉटची ओळख पटवणारी किल्ली) मिळतो तो तात्पुरता असते, लवकरच संपते. ‘काल चालू होता, आज बंद पडला’ असं लिहिणाऱ्या बहुतेकांचं हेच असते. तिथंच सिस्टम यूजर (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) बनवून त्याचा कायमचा टोकन घ्या.

भाव कुठून घ्यायचा हे तुम्ही विचारलं नाही पण माझा जीव त्यातच अडकला आहे. डेटा डॉट गव्ह डॉट इन वर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयनं, म्हणजे प्रोग्रामला थेट जोडता येणाऱ्या वाटेनं मिळतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, रुपये प्रति क्विंटल. बाजार बंद असला किंवा समितीकडून नोंद आली नाही तर त्या दिवसाची ओळ नसते. माझा बॉट अशा वेळी शेवटचा सापडलेला भाव देत होता, तारीख न लिहिता. सोमवारी सकाळी एका शेतकऱ्यानं तो पाहून मेटॅडोर भरला, भाडं ठरवलं आणि पोचल्यावर कळलं की तो शनिवारचा भाव होता. ते भाडं माझ्या एका ओळीमुळे गेलं, मला ते अजून लागते. भावासोबत तारीख पहिल्या ओळीतच टाका, आणि शेजारी हमीभाव पण, म्हणजे २०२५-२६ साठी लांब धाग्याचा कापूस ८११० आणि मध्यम धाग्याचा ७७१०, की माणसाला तिथंच फरक दिसते. तारखेतही एक गोम आहे, सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला उठून भाव विचारणाऱ्याच्या वेळी सर्व्हरवर आदलाच दिवस चालू असते. घड्याळ भारतीय वेळेवर आणा.

रोज सकाळी आपोआप पाठवायचं तर टेलिग्रामवर प्रश्न नाही, ज्यानं एकदा स्टार्ट दाबलं त्याला फुकट पाठवा, फक्त सेकंदाला ३० मेसेजच्या आत ठेवा, साडेतीनशे म्हणजे बारा सेकंदांचं काम. व्हॉट्सॲपवर शेतकऱ्यानं मेसेज टाकल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणी उत्तर देऊ शकता आणि त्याचे पैसे लागत नाहीत, ते २४ तास उलटले की मेटाकडून आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूर, म्हणजे टेम्प्लेटच पाठवता येते आणि १ जुलै २०२५ पासून त्याचे पैसे प्रत्येक मेसेजमागे लागतात. रोज साडेतीनशे जणांना पाठवून गटाच्या खिशाला भोक पाडू नका. लोकांना सांगा, सकाळी ‘भाव’ एवढंच टाका. पंधरा दिवसांत सवय लागते, आमच्याकडे लागली. टेम्प्लेट खरेदी केंद्र सुरू झालं, बंद झालं अशा बातमीसाठी राखून ठेवा.

मेसेंजरचं म्हणाल तर सध्या राहू द्या. पेज लागते, बाहेरच्या लोकांसाठी मेटाकडून परवानगीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि गावात तिथं भाव विचारणारे दहा-वीसच निघतात. दुभाष्याची जागा ठेवली आहे ना, मग पुढं कधीही जोडता येईल.

प्रश्न : आमचा बचत गट कुरडया, सांडगे, पापड विकतो. ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॲप बॉट करायचा आहे. मुलगा म्हणतो नंबर बॉटला दिला की फोनमधलं व्हॉट्सॲप बंद होते. खरं का?
– एक वाचिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, मुलगा चुकीचं सांगून नाही राहिला. नंबर थेट एपीआयवर, म्हणजे बॉट जोडायच्या वाटेवर टाकला तर तो नेहमीच्या ॲपमध्ये चालत नाही. आता व्हॉट्सॲप बिझनेस ॲपचा नंबर दोन्हीकडे चालवायची सोय आली आहे, पण तुमचा नंबर म्हणजे इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, त्यावर शिकाऊ प्रयोग नकोच. नवं सिम घ्या, ओटीपी यायची तेवढी सोय पाहा, फोनवर सांगितलेला ओटीपीही चालते म्हणून लँडलाइनसुद्धा चालते. सुरुवातीला मेटा एक चाचणीचा नंबर देते, त्यावरून पाच जणांना मेसेज पाठवता येतात, गटातल्या पाच जणींवर आधी करून पाहा. आणि क्यूआर कोड स्कॅन करून फुकटात बॉट चालवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, ती अधिकृत वाट नाही, नंबर कायमचा बंद होऊ शकते.

प्रश्न : माझं कृषी केंद्र आहे. बॉटवर लोक काहीबाही लिहितात, त्याला अर्ध्यांचं समजतच नाही. एआय जोडू का? मग तो फवारणीचं पण सांगेल.
– एक वाचक, वणी, जि. यवतमाळ

उत्तर : लोक काहीबाही लिहीत नाहीत दादा, ते आपल्या भाषेत लिहितात. आलेले मेसेज आठवडाभर वहीत उतरवून काढा. माझ्या वहीत कापसासाठी कापूस, कापुस, कपाशी, पऱ्हाटी आणि इंग्रजी अक्षरांतले चार-पाच प्रकार निघाले. त्याची एक यादी केली तरी बराच गोंधळ मिटते, एआय नंतर. आणि पऱ्हाटी या शब्दात तर गंमतच आहे, डोळ्याला एकच दिसते पण कीबोर्डप्रमाणे तो ऱ्ह तीन तऱ्हांनी बनतो, कुठं सरळ ऱ, कुठं र खाली नुक्ता देऊन, कुठं र चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. कॉम्प्युटरला ते तीन वेगळे शब्द. मजकूर आधी युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायच्या पद्धतीच्या) एनएफसी या एकसारख्या रूपात आणा, त्यानं पहिले दोन एक होतात, तिसरा हातानं बदलून घ्या.

एआय जोडायचाच तर पीक कोणतं, बाजार कोणता एवढं ओळखायला जोडा, भाव मात्र नोंदीतूनच येऊ द्या. आणि फवारणीचं त्याच्या हाती अजिबात देऊ नका. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर गेले, तुम्हाला मी काय सांगावं, तुमच्या गिऱ्हाइकांत त्यांच्या घरचे असतील. कोणतं औषध, किती मिली, कशात मिसळायचं, हे मशीननं अंदाजानं सांगितलं आणि चुकलं तर माणूस भोगते. माझ्या बॉटमध्ये फवारणी, औषध, डोस, बोंडअळी असा शब्द आला की तो एकच उत्तर देते, किसान कॉल सेंटरचा फुकटचा नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, आणि जवळच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. तुम्ही त्याखाली आपल्या दुकानाची वेळ टाका, माणूस डबा घेऊन समोर आला की लेबल वाचूनच सांगा.