स्वस्त लोकल पार्ट टाकल्यामुळे ट्रकचं इंजिन बिघडू शकतं का?

भाऊ, इंजिन अजून खोलू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१८ ची बीएस-४ (म्हणजे त्या वेळच्या प्रदूषण नियमाची) दहाचाकी आहे. चोपड्याहून मका आणि केळी भरता, परतीला इंदूरकडचा माल घेऊन महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरचा बिजासन घाट उतरता. गेल्या दीड वर्षात एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, थर्मोस्टॅट आणि ब्रेक लायनर सगळं लोकल टाकलं, कंपनीच्या पार्टच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. आता चढावर गाडी गरम होते, ॲव्हरेज पडलंय, सकाळी पांढरा धूर टाकते आणि मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन काढावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन, रिंग, लायनर बदलावे लागतील. पार्टमुळे हे होऊ शकतं का, की गाडीचंच वय झालं, हा तुमचा प्रश्न.

होऊ शकतं. धुळ्याला हायवेलगत माझं गॅरेज आहे. अशा गाड्या माझ्याकडे कायम येतात आणि बहुतेक वेळा मालकाला वाटतं की दोन-तीन वेगवेगळ्या बिमाऱ्या एकदम लागल्या. खरं म्हणजे लोकल पार्ट स्वतः मोडला तर नुकसान थोडं असतं. तो न मोडता नुसता बसून राहतो, आपलं काम करत नाही, आणि मरतो तो त्याच्या शेजारचा महागडा पार्ट. तेही सहा महिन्यांनी. म्हणून ते नुकसान कुणी त्या फिल्टरच्या नावावर लिहीत नाही, गाडीच्या वयावर लिहितात.

इंजिनची तपासणी एअर फिल्टरपासून सुरू करा, कारण आपल्याकडची काळी माती. मका भरायला गाडी शेतरस्त्याने आत जाते तेव्हा पुढे चाललेल्या ट्रॅक्टरची सगळी धूळ आपली गाडी ओढते. फिल्टरचा डबा उघडा आणि फिल्टरच्या तोंडावरची रबराची कडा नीट बघा. डब्याची धार रबरावर चारी बाजूंनी सारखी उमटलेली पाहिजे. लोकल फिल्टरचं रबर बऱ्याचदा कडक असतं किंवा माप एक-दोन मिलिमीटर चुकलेलं असतं, म्हणून अर्ध्या गोलावर ठसा दिसतो आणि अर्धा गोल कोरा. त्या कोऱ्या बाजूने हवा कागदातून न जाता सरळ आत जाते. आतला छोटा सेफ्टी फिल्टर जागेवर आहे का तेही बघा. पुष्कळ ठिकाणी 'पिकअप येत नाही' म्हणून तो काढून फेकलेला असतो.

मग फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारा पाइप सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर उत्तम. मातकट रेघ उठली तर धूळ आत गेलीय हे पक्कं. तसं असेल तर टॉर्च मारून टर्बोच्या पंख्याची पाती बघा. धुळीने पातीच्या पुढच्या कडा झिजून विळ्याच्या पात्यासारख्या पातळ होतात. पंखा झिजला की हवा कमी दाबली जाते, गाडी चढावर ओढत नाही, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि ॲव्हरेज पडतं. तीच धूळ पुढे सिलिंडरचा लायनर (आतलं अस्तर, ब्रेकचा लायनर वेगळा) आणि पिस्टन रिंगही घासते.

रिंग किती गेल्या त्याचा अंदाज घ्यायला इंजिन खोलावं लागत नाही. इंजिन गरम करून आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तिथेच उलटं ठेवा. ते जागेवर थरथरत राहिलं तर घाबरायचं कारण नाही. उडून पडत असेल आणि धूर भकाभका बाहेर येत असेल तर मात्र मिस्त्रीच्या बोलण्यात तथ्य आहे. रोज ऑइल किती टाकावं लागतं तेही यासोबत बघा. ऑइल खात नसेल आणि झाकण शांत असेल तर हाफ इंजिनचं बोलणं तिथेच थांबवा.

आता पांढरा धूर. नाक जवळ नेऊन वास घ्या. कच्च्या डिझेलचा वास आणि डोळ्यांची आग असेल तर बोट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जातं. गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. हा फरक केल्याशिवाय एक नटसुद्धा सोडू नये.

डिझेल फिल्टरबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात महागात तो पडतो. तुमच्या गाडीला बहुधा कॉमन रेल असणार, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोराच्या दाबाने डिझेल. त्यात डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या सुईची फट काही मायक्रॉनचीच असते. जुन्या पंपाच्या गाड्या थोडा कचरा पचवायच्या, ही पचवत नाही. तुमचा काढलेला लोकल फिल्टर फेकला नसेल तर एक काम करा. तो आणि एक जुना कंपनीचा, दोन्ही हॅकसॉने आडवे कापा आणि आतला कागद उलगडून जमिनीवर शेजारी शेजारी पसरा. मी गिऱ्हाइकासमोर कापून दाखवतो तेव्हा वेगळं काही समजवावं लागत नाही. कंपनीच्या फिल्टरची घडी दाट असते, कागद लांबच लांब निघतो आणि टोकं डिंकाने पक्की बसवलेली असतात. लोकलचा कागद निम्म्यावर संपतो, घड्या विरळ असतात आणि कधी कधी टोकाला डिंकच सुटलेला असतो, म्हणजे डिझेल कागदाला बगल देऊन जात होतं. वरून दोन्हीचा डबा, रंग आणि आटे मात्र अगदी सारखे.

दुसरं काम पाणी वेगळं करण्याचं. चांगल्या फिल्टरमध्ये पाणी खाली वाटीत जमतं आणि आपण ते सोडतो. स्वस्त फिल्टरमध्ये ते डिझेलबरोबर पुढे जातं, सुईला गंज आणि ओरखडे येतात, सुई पक्की बसत नाही आणि थेंब थेंब डिझेल सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी थंड इंजिनमध्ये ते जळत नाही, म्हणून पांढरा धूर. असा गळका इंजेक्टर तसाच चालवला तर डिझेल सिलिंडरची भिंत धुऊन काढतं, ऑइलचा थर जातो आणि पिस्टन ओरखडतो. मग खरंच इंजिन काम निघतं. म्हणून गाडी आधी इंजिनवाल्याकडे नेऊ नका, इंजिनचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे न्या आणि सगळ्या इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे त्यातून टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजून घ्या. एखाद-दुसराच गळत असेल तर तेवढ्यावर भागतं.

गाडी गरम होण्याचं तसं सोपं आहे, पण त्यात सगळे घाई करतात. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) बाहेरून आधी धुऊन घ्या. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडालेली तुस जाळीत बसते आणि हवा जातच नाही. मग रेडिएटरची कॅप बघा. बंद कॅपमुळे आत साधारण एक बारपर्यंत जादा दाब राहतो, आणि त्या दाबामुळेच पाणी शंभराला न उकळता एकशे वीसच्या आसपास उकळतं. स्वस्त कॅपची स्प्रिंग ढिली असते, दाब आधीच सोडून देते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना भरलेली गाडी चढावर कशी टिकणार? ही कॅप किरकोळ किमतीची वस्तू आहे, हिच्यापायी हेड वाकलेली गाडी मी बघितलीय.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, घरीच तपासता येतो. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेक ८० च्या आसपास. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीला बांधून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडत असेल तर तुमच्या घाटातल्या गरमीचं कारण हातात आलं. आणि कुणी 'थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे गरमीच एवढी आहे' असं म्हणालं तर ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक बंद करतो. तो काढला की ते भोक कायम उघडं राहतं, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच फिरतो आणि लोडवर गाडी आणखी तापते. वर थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, त्यात डिझेल जास्त जातं.

हे सगळं झालं पैशांचं. पण तुमचा प्रश्न वाचताना मी थांबलो तो ब्रेक लायनरवर, आणि त्याबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीय.

४ जुलै २०२३ ला आपल्या शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेली अवजड गाडी वाहनांना उडवत हायवेलगतच्या हॉटेलात घुसली आणि माणसं गेली. त्या अपघाताशी लोकल पार्टचा संबंध मी जोडत नाही. पण बिजासनकडून येणारा तो उतार काय करू शकतो ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं, आणि तुम्ही तोच उतार भरलेली गाडी घेऊन उतरता.

ब्रेक लायनर म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाच्या ड्रमला आतून घासणारं अस्तर. हलक्या लायनरमध्ये बांधणीचा मसाला कमी प्रतीचा असतो. घाटात ड्रम तापला की तो मसाला जळतो, लायनरवर काचेसारखी चकाकी येते आणि पकड जाते. एअर ब्रेकमध्ये प्रेशर पूर्ण दिसतं, पेडलही नेहमीसारखं लागतं, फक्त गाडी थांबत नाही. त्यात तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या रॉडला जास्त अंतर कापावं लागतं आणि जोर आणखी घटतो. उलट्या टोकाचे लायनरही मिळतात, दगडासारखे कडक. ते स्वतः झिजत नाहीत म्हणून गिऱ्हाईक खूश असतं, पण ते ड्रम खातात. ड्रम काढल्यावर निळे डाग आणि बारीक केसासारख्या चिरा दिसल्या तर तो ड्रम पुन्हा चढवू नका, टर्निंग करूनही नाही.

लायनर बघून झाले की पुढच्या खेपेला एक तपासणी करा. हल्ली तापमान मोजायची गन स्वस्तात मिळते. घाट उतरून गाडी सुरक्षित जागी उभी केली की सगळ्या चाकांच्या ड्रमचं तापमान लिहून घ्या. सगळ्यांचं लक्ष सगळ्यात तापलेल्या ड्रमकडे जातं, तुम्ही सगळ्यात थंड ड्रम शोधा. तो ब्रेक कामच करत नाही आणि त्याचा भार बाकीचे उचलताहेत. तिथे हब सीलमधून ग्रीस येऊन लायनर भिजला असेल, किंवा लायनर आणि ड्रममधली फट राखणारा स्लॅक ॲडजस्टर अडकला असेल. एका ॲक्सलच्या एका बाजूला एक मेक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं कधीही ठेवू नका, जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे खेचते.

म्हणजे लोकल काहीच घेऊ नये का? असं माझं म्हणणं नाही. मडगार्ड, आरशाची काच, टेल लॅम्पचं कव्हर, सीट, बंपर, बॉडीच्या कड्या-खुट्ट्या खुशाल लोकल घ्या. त्याखेरीज एक मधला मार्ग आहे आणि तो वापरायला दुकानदार आपणहून सांगत नाहीत. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. बॉश, लुकास टीव्हीएस, राने (Rane) अशा पुरवठादार कंपन्या आपला माल गाडीच्या कंपनीला देतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातही बाजारात विकतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. फिल्टर, लायनर, अल्टरनेटर, बेअरिंग यांना हाच मार्ग धरा.

खरी भीती डुप्लिकेटची आहे, म्हणजे नामवंत कंपनीच्या खोक्यात भरलेला भलताच माल. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि पार्टवर कोरलेला नंबर जुळतो का बघा, स्क्रॅच कोड किंवा क्यूआर असेल तर दुकानातच तपासा, आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला काचकूच करणाऱ्या दुकानातून ब्रेकचं सामान घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. काढलेला जुना पार्ट मिस्त्रीकडे सोडू नका, घरी आणा. रिकामी खोकीही फाडून टाका, नाहीतर तीच पुन्हा भरली जातात.

अल्टरनेटरचा रेग्युलेटर लोकल टाकला असेल तर तेवढं मीटर लावून बघा. चालू इंजिनवर अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट पाहिजेत. तीसच्या पुढे दिसले तर बॅटऱ्या उकळतील आणि इंजिनच्या ईसीएमलाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) धोका आहे.

तर आता क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सगळ्या चाकांचे ड्रम उघडून लायनर, आणि ते होईपर्यंत बिजासनची खेप घेऊ नका, माल जवळपासचा भरा. मग एअर फिल्टरचा पाइप, कॅप आणि थर्मोस्टॅट, हे एका दिवसात होतं. मग इंजेक्टरचा रिटर्न. पंपवाल्याने दिलेले सगळ्या सिलिंडरचे आकडे, ऑइलच्या झाकणाचं काय झालं आणि धुराचा वास कसला होता, एवढं इथेच खाली लिहा. त्यावरून हाफ इंजिन काढायचं की नाही ते सांगतो.